रोबोची वेठ

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 1977 सालच्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या अल्बमचं मुखपृष्ठ एकदा निरखून पाहावं. एक अवाढव्य रोबो उभा आहे. त्याच्या तळहातावर फ्रेडी मर्क्युरी आणि ब्रायन मे निपचित पडले आहेत, बोटाला रक्त लागलंय. पण चेहऱ्यावर क्रौर्य म्हणून नाही. हातून खेळणं मोडल्यावर लहान पोर जसं बावरून बघतं, तशी त्याची नजर आहे.

हे चित्र विज्ञानकथेतून आलं. 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' मासिकाच्या ऑक्टोबर 1953 च्या अंकासाठी फ्रँक केली फ्रीस यांनी ते काढलं होतं. बँडचा ड्रमर रॉजर टेलर याच्याकडे तो अंक होता. फ्रीस यांनाच गाठून त्यांच्याकडून ते नव्याने काढून घेतलं आणि मूळ चित्रातल्या मेलेल्या माणसाच्या जागी बँडचे चौघे आले. या चौघांतला फ्रेडी म्हणजे फारुख बुलसारा. शाळेत होता आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये; त्याचा पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथलाच. ब्रायन मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी. अंतराळातल्या थोड्या काळात पृथ्वीवर पिढ्या उलटून जातात, या कल्पनेवर त्याने 1975 मध्ये गाणं रचलं आणि अर्धवट राहिलेली पीएच.डी. 2007 साली पुरी केली. विज्ञानकथा रॉकमध्ये कशी झिरपली, याचा याहून जवळचा दाखला महाराष्ट्राला शोधून मिळणार नाही.

पण मला बोलायचंय ते त्या चित्रातल्या रोबोच्या नावाबद्दल.

'रोबो' हा शब्द प्रयोगशाळेत जन्मला नाही, नाटकात जन्मला. चेक लेखक कारेल चापेक 1920 साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहीत होते. कारखान्यात बनवलेल्या, राबण्यासाठीच घडवलेल्या माणसांना नाव काय द्यावं, हे त्यांना सुचेना. लॅटिनवरून 'लाबोरी' असं काहीसं मनात होतं, पण ते त्यांना पुस्तकी वाटत होतं. त्यांचे भाऊ योसेफ चित्र रंगवत उभे होते. त्यांनी सुचवलं, रोबोट म्हण. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट करायचं सक्तीचं काम. ती प्रथा तिथे 1848 साली कायद्याने संपली, पण शब्द लोकांच्या तोंडी राहिला होता.

आता 'रोबोता'ला मराठीत काय म्हणाल? दुसरा शब्दच नाही: वेठ.

संस्कृत 'विष्टि', प्राकृतात 'विट्ठि' आणि मराठीत 'वेठ'. हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. इसवी सन 150 च्या सुमाराचा रुद्रदामनाचा जुनागढचा शिलालेख अभिमानाने सांगतो, की सुदर्शन तलाव दुरुस्त करताना प्रजेला विष्टि लावली नाही. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला सगळ्या विष्टीतून सूट दिल्याचं कोरलेलं असतं. सूट कोरून ठेवावी लागायची, यावरूनच बाकीच्या गावांची गत कळते.

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या आसपास तर हा शब्द तीन भाषांत भेटतो. उदगीरवरून बीदरकडे उतरलं की कानडीत तो 'बिट्टी' होतो. देगलूर ओलांडून तेलंगणात गेलं की 'वेट्टी'. निजामाच्या राज्यातली 'वेट्टी चाकिरी' तेलंगणातल्या शेतकरी लढ्याचं एक मोठं कारण ठरली. आपल्याकडे त्याला फारसी 'बेगार' येऊन चिकटला आणि 'वेठबिगार' झालं. दोन्ही पदांचा अर्थ एकच. 'धनदौलत' किंवा 'कागदपत्र' व्हावं तसं. दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचं ओझं पुढच्या गावापर्यंत वाहायचं, सरपण फोडायचं, जनावराला वैरण घालायची आणि दामाचं नाव काढायचं नाही. जीव न ओतता उरकलेल्या कामाला 'वेठ मारली' म्हणतात, ते उगाच नाही. काम राबणाऱ्याचं नव्हतंच. जीव कुठून ओतणार?

म्हणून 'यंत्रमानव' हा प्रतिशब्द मला अपुरा वाटतो. तो शरीर सांगतो, गत सांगत नाही. शिवाय चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच. ते माणसासारखेच दिसणारे होते, आणि शेवटी ते बंड करतात.

रॉकवाल्यांनी नेमकं हेच उचललं. आयझॅक आसिमोव्ह यांच्या 'आय, रोबोट' या कथासंग्रहावरून अॅलन पार्सन्स प्रोजेक्टने 1977 मध्ये अख्खा अल्बम केला. हक्क आधीच विकले गेल्यामुळे नावातला स्वल्पविराम तेवढा गाळला. पुढच्या वर्षी क्राफ्टवेर्क या जर्मन बँडने रोबोंचं गाणं केलं. ते रॉकपेक्षा इलेक्ट्रॉनिक संगीताचे, पण त्यांच्या गाण्यात अचानक रशियन शब्द येतात आणि त्यांत 'रबोत्निक' म्हणजे कामगार हा शब्द आहे. 'रोबोता'चाच तो भाऊबंद. शब्द असा फिरून आपल्या कुळात आला. 1983 च्या 'मिस्टर रोबोटो'मध्ये स्टिक्स बँडने ज्या राज्याची गोष्ट रचली, तिथे रॉक संगीतावरच बंदी आहे आणि गायक रोबोच्या कवचाआड लपून तुरुंगातून निसटतो.

मराठी विज्ञानकथेनेही रोबोचं हे बंड ओळखलं होतं. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या 1986 च्या कादंबरीतला रोबो मालकाच्या मुठीत राहत नाही. त्याला आपल्यासारखे आणखी घडवायचे असतात.

आपल्या 'वेठी'चं पुढे काय झालं? संविधानाच्या 23 व्या कलमाने बेगारीला मनाई केली. कलमाच्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हा आपलाच शब्द आहे. 1976 मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. 'बिगारी' आता बांधकामावर रोजाने जाणाऱ्या मजुराला म्हणतात. आणि 'वेठीस धरणे' वाचायला मिळतं ते संपाच्या बातमीत: कामगारांनी जनतेला वेठीस धरलं! दोन हजार वर्षं ज्याला वेठीला धरलं, तो जरा हात आखडता घेतो तर शब्द त्याच्यावरच उलटवला जातो. शब्दांचे अर्थ पालटतात, हे मान्य. पण ही उलथापालथ मला बोचते. संपाला नावं ठेवायची तर दुसरे शब्द पुष्कळ आहेत. राबणाऱ्याचा हा एक शब्द त्याच्या बाजूने राहू द्यावा.