अंगणातला फ्लडलाइट खरंच चोराला अडवतो का?

एलईडी फ्लडलाइट स्वस्त झाले आणि भंडारा जिल्ह्यात शहरातल्या बंगल्यांपासून शेतातल्या घरांपर्यंत ते दिसू लागले. कारण रास्त आहे: चोर, साप आणि कोका, नागझिऱ्याच्या जंगलालगत बिबट्याची भीती. पण रात्रभर दिवा जळत ठेवला म्हणजे घर सुरक्षित झाले का?

अभ्यास काय सांगतात?

न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत २०१६ मध्ये प्रखर दिव्यांचे मनोरे उभारले, तेव्हा रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उलट इंग्लंड-वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१५ च्या अभ्यासात पथदिवे मंद किंवा बंद केल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे उजेड काही ठिकाणी उपयोगी पडतो, पण अंधार झाला की चोरी वाढतेच असेही नाही. साधा विचार केला तरी हे पटते. उजेडात कोणी दिसले, तर ते पाहायला माणूस जागा हवा. गावाबाहेरच्या कुलूपबंद घरासमोरचा उजेड चोरालाही कडी शोधायला मदत करतो.

दिवा तिरपा, रस्त्याकडे तोंड करून लावला असेल तर अडचण आणखी वाढते. डोळे दिपतात आणि दिव्यामागे, भिंतीच्या सावलीत उभा असलेला माणूस दिसत नाही. सीसीटीव्हीचेही तसेच होते.

धानाच्या बांधीवर काय परिणाम होतो?

हा मुद्दा शहरी चर्चेत येत नाही, पण भंडाऱ्यात महत्त्वाचा आहे. धान हे रात्र मोठी होऊ लागली की निसवणारे पीक आहे. अशा प्रकाशसंवेदनशील वाणांवर रात्रभर उजेड पडला तर लोंब्या उशिरा येतात. जपानमध्ये पथदिव्यांजवळच्या भातात हे नोंदवले गेले आहे. शिवाय खोडकिड्याचे पतंग उजेडाकडे धावतात. प्रकाश सापळा याच तत्त्वावर चालतो. तोच दिवा बांधीला लागून रात्रभर पेटला, की सापळा नसताना आमंत्रण मात्र जाते. किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप, ज्याच्या भीतीने दिवा लावलेला असतो!

मग अंधारात राहायचे का?

अजिबात नाही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरहून अधिक दिवे काढून टाकले नाहीत, तर खाली उजेड टाकणारे दिवे बसवले.

घरीही तेच करता येते. दिव्याचे तोंड जमिनीकडे हवे आणि वर टोपी. पांढऱ्याशुभ्रऐवजी ३००० केल्विन किंवा त्याहून कमीचा पिवळसर दिवा घ्यावा, कारण निळसर उजेड आकाशात जास्त विखुरतो. गोठ्याकडे किंवा संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर पायाशी उजेड पडला की साप दिसायला तो पुरे. बाकी ठिकाणी हालचाल टिपणारा सेन्सर लावावा. दिवा अचानक पेटला की घरच्यांचेही लक्ष जाते, रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे कोणी पाहत नाही.

खर्चाचे गणित सोपे आहे. ५० वॅटचा दिवा रोज बारा तास जळला तर महिन्याला १८ युनिट जातात. आपला दिवा नीट लावला आहे का, हे पाहायचे असेल तर रात्री रस्त्यावर उभे राहून घराकडे बघावे. अंगण दिसले तर ठीक, नुसता बल्बच डोळ्यात गेला तर तो खाली वळवावा.