वारशाने आलेली निष्ठा : केंटकी विद्यापीठाचे बास्केटबॉल, कौटुंबिक वंशस्मृती आणि दैनंदिन जीवन

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास सामान्यतः सामने, विक्रम आणि खेळाडू यांच्या आधारे लिहिला जातो. प्रेक्षक या इतिहासात केवळ संख्येच्या रूपाने येतो. त्याचे घर, त्याचे पूर्वज आणि त्याचा दिनक्रम यांची नोंद क्वचितच होते. अमेरिकेतील केंटकी राज्यात मात्र महाविद्यालयीन बास्केटबॉलचा विचार चाहत्याच्या घराला वगळून करता येत नाही. लेक्सिंग्टन येथे १८६५ मध्ये स्थापन झालेल्या केंटकी विद्यापीठाच्या संघाला आपला मानणाऱ्या असंख्य कुटुंबांतील कोणीही त्या विद्यापीठाची पायरी कधी चढलेले नाही. त्यांची निष्ठा पदवीतून नव्हे, तर घरातून आलेली असते. दोन अनोळखी चाहते भेटले की सामन्याचा विषय लवकरच मागे पडतो आणि मूळ काउंटी कोणती, घराणे कोणाचे, आजोबा कोणत्या खाणीत होते, अशी विचारपूस सुरू होते. हा वारसा कसा घडला, कोणत्या साधनांनी तो पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचला आणि तो कोणाला नाकारला गेला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वजांची विस्मृती आणि स्थानिक वंशस्मृती

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंबरलँड खिंडीच्या मार्गाने इंग्लिश, स्कॉटिश आणि आयर्लंडच्या अल्स्टर भागातून आलेली कुटुंबे केंटकीत स्थायिक झाली. १७९२ मध्ये या प्रदेशास राज्याचा दर्जा मिळाला. अमेरिकेच्या जनगणनेत १९८० पासून वंशमूळाविषयी प्रश्न विचारला जाऊ लागला. २००० च्या जनगणनेत केंटकीतील सर्वाधिक, म्हणजे सुमारे एक पंचमांश लोकांनी या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘अमेरिकन’ असे दिले. दोन शतकांच्या वास्तव्यानंतर समुद्रापलीकडील मूळ गावाची आठवण पुसट झाली होती, असा याचा अर्थ लावता येतो. मात्र वंशाची जाणीव लोपली नव्हती. ती जवळच्या भूमीशी जोडली गेली होती. डोंगरातील दरी, चर्च आणि कुटुंबाची दफनभूमी ही तिची केंद्रे होती. उन्हाळ्याच्या तोंडावर सर्व नातेवाइकांनी एकत्र येऊन पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करण्याची आणि त्यांवर फुले वाहण्याची अॅपलाचियन प्रदेशातील प्रथा या जाणिवेची साक्ष देते.

अशा समाजात ‘तू कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर काउंटीच्या नावाने दिले जाते. केंटकीत १२० काउंटी आहेत. १९१८ पासून चालत आलेली राज्यस्तरीय शालेय बास्केटबॉल स्पर्धा ही या काउंटींना परस्परांसमोर आणणारी मोठी संस्था ठरली. लहान आणि मोठ्या शाळांसाठी वेगवेगळे गट न पाडता सर्वांसाठी एकच विजेतेपद ठेवण्याची पद्धत तेथे टिकून राहिली. १९२८ मध्ये नॉट काउंटीतील कार क्रीक या अत्यंत लहान डोंगरी शाळेच्या संघाने अंतिम सामन्यात अॅशलंडच्या संघाला चार वेळा जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि ११ विरुद्ध १३ असा पराभव पत्करला. त्या पराभवाची आठवण त्या भागात विजयाइतक्याच अभिमानाने जपली गेली. डोंगरातील मुलाने खेळाच्या बळावर लेक्सिंग्टनला जावे, ही कल्पना अशा प्रसंगांतून रुजली.

प्रशिक्षकांची परंपरा आणि काउंटीचे सुपुत्र

बास्केटबॉलच्या इतिहासातही एक प्रकारची वंशावळ आहे. कॅनडात जन्मलेल्या जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ शोधला आणि १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात आले. तेथे फॉग अॅलन त्यांचे शिष्य झाले आणि अॅलन यांच्या हाताखाली अॅडॉल्फ रप (१९०१–१९७७) तयार झाले. रप हे युरोपातून कॅन्ससमध्ये आलेल्या जर्मनभाषी मेनोनाइट शेतकरी कुटुंबातील होते. १९३० ते १९७२ या काळात त्यांनी केंटकीच्या संघाला ८७६ विजय आणि १९४८, १९४९, १९५१ व १९५८ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. १० डिसेंबर १९७७ च्या रात्री त्यांचे निधन झाले. त्याच रात्री केंटकीचा संघ कॅन्सस विद्यापीठात, अॅलन यांचे नाव दिलेल्या क्रीडागृहात, खेळत होता.

परप्रांतातून आलेल्या या प्रशिक्षकाला राज्याने आपले मानले, त्याचे एक कारण त्याच्या संघात स्थानिक मुले होती हे होय. १९४८ च्या विजेत्या संघातील वॉलेस जोन्स हा हार्लन या कोळसा-काउंटीचा होता आणि त्याने १९४४ मध्ये आपल्या शाळेला राज्य विजेतेपद मिळवून दिले होते. त्याचा सहकारी अॅलेक्स ग्रोझा हा ओहायोतील, पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांचा मुलगा होता. या संघातील पाच प्रमुख खेळाडूंनी त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. १९५१ मध्ये सट्टेबाजांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक कमी ठेवल्याचे प्रकरण उघडकीस आले. ग्रोझा आणि राल्फ बिअर्ड यांना व्यावसायिक खेळातून कायमचे बाद व्हावे लागले आणि विद्यापीठाला १९५२-५३ चा संपूर्ण हंगाम गमवावा लागला. तरीही चाहत्यांची निष्ठा ढळली नाही. घरातील एखाद्याने चूक केली म्हणून घर सोडले जात नाही, अशीच ही वृत्ती होती.

नभोवाणी, खाणवस्ती आणि स्थलांतर

ही निष्ठा दैनंदिन जीवनात मुरली ती प्रामुख्याने नभोवाणीमुळे. पूर्व केंटकीतील कोळसा कंपन्यांनी वसवलेल्या वस्त्यांमध्ये घर, दुकान आणि कधी दवाखानाही कंपनीच्या मालकीचा असे. लेक्सिंग्टनला जाऊन सामना पाहणे बहुतेकांना परवडणारे नव्हते. हार्लन काउंटीतच १९२६ मध्ये जन्मलेले कॉवुड लेडफोर्ड यांनी १९५३ पासून १९९२ पर्यंत ३९ हंगाम संघाचे धावते वर्णन केले. लुईव्हिलच्या डब्ल्यूएचएएस या ५०,००० वॅट क्षमतेच्या केंद्राच्या मध्यमलहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर पोहोचत. त्यामुळे डोंगराआड राहणाऱ्या आणि राज्याबाहेर गेलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना एकच आवाज ऐकू येत असे.

राज्याबाहेर गेलेल्यांची संख्या लहान नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर रेल्वे डिझेलवर आणि घरे तेल व वायूवर चालू लागली. १९५० च्या करारानंतर कामगार संघटनेने खाणींचे यांत्रिकीकरण स्वीकारले आणि हजारो खाणकामगार बेकार झाले. १९४० ते १९७० या तीन दशकांत दक्षिण अॅपलाचियातून सुमारे ३० लाख लोक सिनसिनाटी, डेटन, डेट्रॉइट, शिकागो यांसारख्या औद्योगिक शहरांकडे गेले. १९४० मध्ये सुमारे ७५ हजार वस्ती असलेल्या हार्लन काउंटीत २०२० च्या जनगणनेत २७ हजारांहूनही कमी लोक उरले. परक्या शहरात डोंगरी बोलीमुळे थट्टेचा विषय झालेल्या या लोकांसाठी सामन्याचे वर्णन हे गावाशी असलेले नाते टिकवण्याचे साधन झाले. गाव न पाहिलेल्या मुलांना संघ मात्र माहीत असे आणि संघाच्या निमित्ताने गावही माहीत होत असे.

या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे १९९२ चा संघ. नियमभंगामुळे १९८९ मध्ये विद्यापीठावर दोन वर्षे हंगामोत्तर स्पर्धांची बंदी आली. अनेक खेळाडू सोडून गेले, परंतु मँचेस्टरचा रिची फार्मर, पेंट्सव्हिलचा जॉन पेल्फ्री, मेझव्हिलचा डेरॉन फेल्डहाउस आणि इंडियानापोलिसहून आलेला कृष्णवर्णीय खेळाडू शॉन वुड्स हे चौघे टिकून राहिले. फेल्डहाउसचे वडीलही रप यांच्या संघातून खेळले होते. २८ मार्च १९९२ रोजी ड्यूक विद्यापीठाविरुद्ध जादा वेळेतील अखेरच्या क्षणी ख्रिश्चन लेटनरने केलेल्या गुणांमुळे हा संघ १०३ विरुद्ध १०४ असा हरला. लेडफोर्ड यांनी वर्णन केलेला केंटकीचा हा शेवटचा सामना होता. विजेतेपद न मिळवताही या चौघांना ‘अविस्मरणीय’ हे नाव मिळाले. विक्रमापेक्षा घराशी राखलेले इमान श्रेष्ठ मानणाऱ्या समाजाने दिलेला हा किताब होता.

वारशाची सीमारेषा

येथवरचे चित्र एका मोठ्या कुटुंबाचे आहे. परंतु कुटुंब म्हटले की त्यात कोणाला स्थान आहे आणि कोणाला नाही, हा प्रश्न येतोच. केंटकीत १९०४ च्या ‘डे’ कायद्याने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या एकत्र शिक्षणास बंदी घातली होती. लायमन जॉन्सन यांनी न्यायालयात दाद मागितल्यानंतर १९४९ मध्ये केंटकी विद्यापीठाचे पदव्युत्तर वर्ग आणि १९५४ मध्ये पदवीपूर्व वर्ग कृष्णवर्णीयांना खुले झाले. बास्केटबॉल संघाचे दार मात्र त्यानंतरही दीर्घकाळ बंदच राहिले. १९६४ मध्ये लुईव्हिलच्या वेस अन्सेल्डला केंटकीने बोलावले, पण त्याने आपल्या शहरातील लुईव्हिल विद्यापीठ निवडले. तेथे कृष्णवर्णीय खेळाडूंना आधीच प्रवेश मिळाला होता. १९ मार्च १९६६ च्या अंतिम सामन्यात पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करणाऱ्या टेक्सास वेस्टर्नने केंटकीच्या सर्व गोऱ्या संघाचा ७२–६५ असा पराभव केला. केंटकीच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, टॉम पेन, १९७०-७१ च्या हंगामात उतरला. रप यांच्या व्यक्तिगत भूमिकेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परिणामाविषयी मात्र मतभेदास जागा नाही.

याचा अर्थ असा की एकाच खाणीत, एकाच काळोखात काम केलेल्या दोन आजोबांच्या नातवंडांकडे दोन भिन्न स्मृती आल्या. हार्लन काउंटीतील लिंच या पोलाद कंपनीने वसवलेल्या नगरात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कामगारांची घरे व शाळा वेगळ्या होत्या. तेथून शहरांत गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनीही गावाची आठवण तितक्याच उत्कटतेने जपली. ‘ईस्टर्न केंटकी सोशल क्लब’ या त्यांच्या संघटनेचे वार्षिक मेळावे हे त्याचे प्रमाण आहे. कॅरिडा ब्राउन यांच्या ‘गॉन होम’ (२०१८) या ग्रंथात या कुटुंबांच्या वंशस्मृतीचा अभ्यास आढळतो. या स्मृतीत गाव होते, खाण होती, शाळा होती. लेक्सिंग्टनचा संघ मात्र ‘आपला’ म्हणावा अशी परिस्थिती नव्हती. केंटकी आणि लुईव्हिल या संघांतील वैराला या इतिहासाचीही एक बाजू आहे. १९२२ नंतर हे दोन संघ नियमित हंगामात परस्परांशी खेळलेच नव्हते. १९८३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ते समोरासमोर आले आणि त्यानंतरच वार्षिक सामना सुरू झाला.

स्त्रियांच्या वाट्यालाही असाच विसर आला. केंटकी विद्यापीठात स्त्रियांचा संघ पुरुषांच्या संघाच्याही आधी, १९०२ मध्ये, खेळू लागला होता. १९२४ मध्ये हा खेळ मुलींना झेपणारा नाही, असे कारण देऊन विद्यापीठाने तो बंद केला. त्यानंतर थेट १९७४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. या पन्नास वर्षांत घराघरांतील कथा आजोबा, वडील आणि मुलगा याच क्रमाने सांगितल्या गेल्या. रेडिओभोवती बसलेल्या घरात आजीही ऐकत होती. पण तिला स्वतःच्या खेळाची आठवण सांगण्याची संधीच ठेवली गेली नव्हती.

समारोप

वारसा स्थिर नसतो. तो पुन्हा वाटला जातो. १९९७ मध्ये टबी स्मिथ हे केंटकीचे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाले आणि १९९८ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवले. २०२० मध्ये विद्यापीठातील आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास विभागाच्या प्राध्यापकांनी १९७६ मध्ये उभ्या राहिलेल्या क्रीडागृहाला दिलेले रप यांचे नाव बदलण्याची मागणी केली. ते नाव कायम राहिले. परंतु कुटुंबप्रमुख म्हणून कोणाला मानावे, हा प्रश्न त्या मागणीने उघडपणे मांडला.

जुलै २०२२ मध्ये पूर्व केंटकीत भीषण पूर आला. पूरग्रस्तांच्या साहाय्यार्थ संघाने ऑक्टोबरमध्ये पाइकव्हिल येथे आपसांतील सामना खेळला. त्या वेळी कामावरून थेट आलेल्या, कोळशाने माखलेल्या चेहऱ्याच्या एका खाणकामगाराचे आपल्या लहान मुलाशेजारी बसलेले छायाचित्र देशभर पोहोचले. तत्कालीन प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी ते प्रसृत करताना आपल्याही कुटुंबाची अमेरिकेतील वाटचाल वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीतून सुरू झाल्याचे सांगितले. इटालियन स्थलांतरितांच्या वंशजाने एका डोंगरी खाणकामगाराशी सांगितलेले हे नाते रक्ताचे नव्हते, श्रमाचे होते.

केंटकीतील उदाहरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की चाहत्यांच्या कौटुंबिक कथा हे स्थलांतर, श्रम आणि गृहजीवन यांच्या इतिहासाचे मोलाचे साधन आहे. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ‘दे से इन हार्लन काउंटी’ (२०११) या ग्रंथात मौखिक साधनांचे सामर्थ्य दाखवून दिले आहे, तर केंटकी विद्यापीठाचे १९७३ पासूनचे मौखिक इतिहास केंद्र अशा साधनांचे जतन करीत आहे. दुसरी गोष्ट अशी की ‘आमचा संघ’ या शब्दप्रयोगातील ‘आमचा’ याची व्याप्ती प्रत्येक काळात वेगळी होती. कोणाच्या आठवणी सांगितल्या गेल्या, याबरोबरच कोणाला त्या सांगण्याची संधीच मिळाली नाही, हे नोंदवल्याखेरीज हा वारसा इतिहासाच्या पदवीस पोहोचत नाही.