शीर्षकपानाच्या मागचं पान: लेखकांनी स्वतः काढलेल्या पुस्तकांचा इतिहास



आत येताना उजव्या हाताच्या टेबलावर पुस्तकं मांडलेली तुम्ही पाहिली असतील. सगळी गेल्या वर्षभरातली, आणि सगळी लेखकांनी स्वतःच काढलेली. द्राक्षबागेच्या बऱ्यावाईट हंगामांचं एक आत्मकथन आहे, दोन गझलसंग्रह आहेत, किल्ल्यांवरचं एक आहे, एक गुप्तहेरकथा, मुलांसाठी एक विज्ञानकादंबरी. एका बाईंनी आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्यात, तेही आहे. आम्ही ही मांडामांड करत होतो तेव्हा एक गृहस्थ आले, दोनचार पुस्तकं चाळली आणि म्हणाले, "म्हणजे स्वतःचे पैसे घालून काढलेली ना?" त्या "ना" मध्ये बरंच काही होतं. आजचं बोलणं त्या "ना" बद्दल आहे.

कुठलंही पुस्तक घ्या आणि शीर्षकपान उलटा. मागच्या पानावर बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, पत्ता, आवृत्ती, किंमत असं सगळं असतं. वाचक ते पान ओलांडून पुढे जातो. इतिहासाचा अभ्यास करणारा तिथे थांबतो, कारण पुस्तकामागे कोण उभं होतं ते तिथे कळतं.

एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं पाहिली, तर लेखकाने पदरमोड करून पुस्तक काढणं ही अगदी सर्रास गोष्ट होती. आज ज्याला आपण प्रकाशनसंस्था म्हणतो, म्हणजे हस्तलिखित निवडणारी, संपादन करणारी, पैसा गुंतवणारी, ती फार थोड्यांच्या वाट्याला यायची. सरकारी शिक्षणखातं होतं, मिशनरी होते, दक्षिणा प्राइझ कमिटी होती. यांना जे रुचलं नाही, त्याला वाट एकच. छापखान्यात जायचं आणि बिल आपण भरायचं. काहीजण आधी वर्गणीदार जमवत आणि आश्रयदात्यांची नावं पुस्तकात छापत. आजच्या प्रकाशनपूर्व सवलतीचीच ती आजी.

जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ चं. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. ते छापून लोकांसमोर आलं १९७९ साली, लिहिल्यावर १२४ वर्षांनी. पुढे १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी पुण्यात स्वतःच छापून प्रसिद्ध केलं, आणि कमिटीने आपलं नाटक कसं नाकारलं तेही त्यात सांगून टाकलं. एकाच माणसाची दोन पुस्तकं. एकासाठी कमिटीकडे गेले, दुसरं स्वतः काढलं. कुठलं लोकांपर्यंत आधी पोचलं ते तुमच्यासमोर आहे.

पण स्वतः काढलं म्हणजे टिकलं, असंही नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर चाललेल्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत समस्त बायकांवर जी चिखलफेक झाली, तिला दिलेलं हे उत्तर. जोतीरावांनी 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही, आणि हेही जवळजवळ विसरलं गेलं. डॉ. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केलं. म्हणजे मधली ९३ वर्षं हे पुस्तक असून नसल्यासारखं होतं. एखादी प्रत कुठे तरी राहिली म्हणून आज आपण त्याबद्दल बोलतोय. ती राहिली नसती तर?

५०० च का, असं विचाराल. खिळ्यांच्या छपाईचं गणितच तसं होतं. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा, प्रूफं व्हायची, फर्मा मशीनवर चढायचा. सगळा खर्च पहिली प्रत निघेपर्यंतचा. पुढे फक्त कागद, शाई आणि बांधणी. त्यामुळे पन्नास प्रती काढणं परवडायचं नाही. पाचशे किंवा हजार काढाव्याच लागत. आणि छापून झालं की खिळे सोडवून पुन्हा खणात टाकायचे, कारण पुढच्या पुस्तकाला तेच लागायचे. दुसरी आवृत्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून जुळणी. म्हणून लेखकाच्या घरी माळ्यावर गठ्ठे पडलेले दिसत. त्या गठ्ठ्यांची आपण चेष्टा करतो, पण पुस्तक वाचायचं ते त्यांच्यामुळेही. पाचशेतल्या चारशे नव्याण्णव प्रती गेल्या तरी एक उरायची शक्यता असते.

आता नाशिककडे येऊ. मागच्या पानावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव छापायची सक्ती केली १८६७ च्या कायद्याने. सरकारला पुस्तकांवर नजर ठेवायची होती, आणि कुणाला धरायचं ते आधीच लिहून हवं होतं. त्याची झळ या गावाने सोसली आहे. १९०७ साली सावरकरांचं मॅझिनीचं चरित्र बाबाराव सावरकरांनी प्रसिद्ध केलं, ते जप्त झालं. पुढच्या वर्षी 'लघु अभिनव भारत माला' ही कवितांची लहानशी पुस्तिका त्यांनीच काढली. कविता कवी गोविंदांच्या. जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, ती प्रामुख्याने या पुस्तिकेच्या प्रकाशनासाठी. पुस्तक 'घरचंच' आहे म्हणून सरकारने ते हलकं मानलं नव्हतं. हे त्या गृहस्थांना सांगायला हवं होतं, पण आम्हाला ते रात्री सुचलं.

आणि तात्यासाहेब. कुसुमाग्रजांचा पहिला संग्रह 'जीवनलहरी' १९३३ चा. त्याच वर्षी त्यांनी नाशिकमध्ये ध्रुव मंडळ सुरू केलं होतं. पण मराठी घराघरांत ते पोचले ते १९४२ च्या 'विशाखा'ने. तो संग्रह कुणी काढला? कोल्हापूरच्या वि. स. खांडेकरांनी, स्वतःच्या खर्चाने, स्वतःची प्रस्तावना लिहून. एका कादंबरीकाराने दुसऱ्या गावच्या तरुण कवीसाठी खिशात हात घातला. ज्या कवीच्या वाढदिवशी आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, त्याचं सर्वात गाजलेलं पुस्तक रूढ अर्थाने बाजाराने काढलेलं नाही.

तेव्हा पैसे कुणाचे, हा प्रश्न आम्हाला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. स्वतः काढलेल्या पुस्तकांत कच्ची पुस्तकं खूप असतात, हे खरं आहे. संपादकाचा हात फिरलेला नसतो, शुद्धलेखन तर विचारूच नका. टेबलावरच्या एका पुस्तकात पान ४० नंतर थेट ५७ येतं! आम्हाला काळजी आहे ती वेगळी: प्रत कुठे राहणार?

आता गणित उलटं झालंय. खिळे गेले, संगणक आला, मागणीनुसार छपाई आली. पन्नास प्रतीही निघतात, पाचही निघतात. गरिबाचंही पुस्तक होतं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण माळ्यावरचा गठ्ठा गेला, आणि त्याच्याबरोबर प्रत उरण्याची शक्यताही गेली. काहींचं तर कागदावर येतच नाही. २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तक लेखकाला स्वतःच चढवता येतं. खातं बंद झालं की पुस्तक गेलं.

त्यात १८६७ चा तो कायदा. वाईट हेतूने का होईना, त्यामुळे प्रांतात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघत. नाव, पानं, किंमत, प्रती. अभ्यासकांसाठी ती खाणच. २०२३ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, २०२४ च्या मार्चमध्ये लागू झाला, तो फक्त नियतकालिकांचा. पुस्तकं त्यातून वगळली. मग उरला १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा. प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची. नाही पाठवली तर दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. पन्नास रुपयांना कोण भितो! आणि लेखक हाच प्रकाशक असेल तर हे काम लेखकाचं, हे बहुतेकांना माहीतच नसतं. "आयएसबीएन घेतलाय की," असं सांगतात. तो नुसता क्रमांक आहे. तो फुकट मिळतो, पण त्याने पुस्तक कुठल्या कपाटात जाऊन बसत नाही.

आमच्यापैकी एकाच्या आजोबांनी १९६९ च्या महापुरावर एक पुस्तिका काढली होती. दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कसं चढत गेलं, कुठल्या वाड्यातून कुणाला कसं काढलं, भांडी कुठे सापडली, असं सगळं. किती प्रती छापल्या ते आता घरात कुणालाच सांगता येत नाही. घर बदलताना गठ्ठा रद्दीत गेला. आम्ही दोन ग्रंथालयांत शोधलं, नाही मिळाली. शेवटी एका शिक्षकांकडे झेरॉक्स सापडली, तीही मधली आठ पानं नसलेली. त्या आठ पानांत सराफ बाजाराची हकिगत होती म्हणतात.

आपल्या गावात १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव आणि परदेशातही नेणारी 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना इथूनच निघाली. तेव्हा एक प्रत ठेवून द्यायला नाशिककराला कोलकाता गाठायचीही वाट पाहावी लागत नाही.

टेबलावरच्या पुस्तकांचे पाच लेखक आज समोर बसलेत. व्याख्यानाआधी चहा घेताना आम्ही त्यांना विचारलं, प्रती कुणीकुणी पाठवल्या? ओव्यांच्या पुस्तकाच्या बाईंनी तेवढा हात वर केला. त्यांना पोस्टातल्या भाच्याने सांगितलं होतं. बाकी चौघांनी पत्ते लिहून घेतलेत. ज्यांना हवेत त्यांच्यासाठी कागद टेबलावर ठेवलाय, पेनही आहे, ते मात्र परत ठेवा.