पूर्व आफ्रिकी भारतीय कादंबरी आणि उजामा

टांझानियाचे अध्यक्ष जूलियस न्येरेरे यांनी १९६७ च्या फेब्रुवारीत आरुशा येथील जाहीरनाम्याने 'उजामा' हा ग्रामकेंद्री समाजवाद राज्याचे धोरण म्हणून मान्य करविला. पाठोपाठ बँका सरकारी मालकीच्या झाल्या, आणि १९७१ साली एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारजमा करण्यात आल्या. या मिळकती बहुतांशी कच्छ-काठेवाडाकडून गेलेल्या व्यापारी कुटुंबांच्या असल्याने, कायद्यात वंशाचा नामनिर्देश नसूनही त्याचा रोख आपल्यावरच आहे अशी त्या समाजाची धारणा झाली, आणि अनेकांनी ब्रिटन-कॅनडाची वाट धरली.

या स्थित्यंतराचे प्रमुख कथाकार म्हणजे मोयेझ वासनजी (जन्म नैरोबी, १९५०). दार-एस-सलाममध्ये वाढलेले, विद्येने भौतिकशास्त्रज्ञ असलेले वासनजी १९७८ मध्ये कॅनडात गेले. त्यांच्या 'द गनी सॅक' (१९८९) या पहिल्या कादंबरीत सलीम जुमा याच्याकडे वारशाने एक गोणपाटाची पिशवी येते, आणि तिच्यातील जुन्यापान्या चिजा व वह्या यांच्या आधारे तो घराण्याची बखर सांगू लागतो. मूळ पुरुष धनजी गोविंदजी याला तारातिबू या गुलाम स्त्रीपासून हुसेनी नावाचा मुलगा होतो. तो परागंदा झाल्यावर त्याच्या शोधापायी धनजी जमातीच्या पैशालाही हात घालतो. कादंबरीचे खरे सामर्थ्य, आमच्या मते, येथे आहे: ज्या पेढीवर पुढे समाजवादाची टाच येते, तिच्या जमाखर्चात तारातिबूचे देणे कोठेच मांडलेले नाही, आणि तिचाच वंशज असलेल्या सलीमला त्यामुळे निव्वळ लुबाडल्या गेलेल्या सावकाराची कैफियत मांडता येत नाही. राष्ट्रीय सेवेच्या छावणीत आफ्रिकी तरुणांबरोबर राबणारा हा नायक नव्या राष्ट्राच्या स्वप्नाने भारावतोही. टीकाकार त्याने पुढे केलेल्या देशत्यागाकडेच अधिक पाहतात, हे काहीसे एकांगी होय.

व्यापाराच्या हिशेबात अडकलेल्या माणसाचा हाच धागा अन्यत्रही दिसतो: झांझिबारचे अब्दुलरझाक गुर्ना (नोबेल पारितोषिक, २०२१) यांच्या 'पॅराडाइज' (१९९४) मध्ये बापाच्या कर्जापोटी व्यापाऱ्याकडे तारण पडलेला युसुफ हा मुलगा येतो. मात्र तो काळ जर्मन अमलाचा, म्हणजे उजामापूर्वीचा आहे.

समाजवाद नसलेल्या केनियाचे चित्र वासनजींनी 'द इन-बिटवीन वर्ल्ड ऑफ विक्रम लाल' (२००३) मध्ये रेखाटले. तेथे भारतीयाची मिळकत कोणी जप्त करीत नाही. उलट सत्ताधाऱ्यांच्या लाचेचा दलाल म्हणून त्याला दरबारी जवळ केले जाते, आणि प्रकरण उघडकीस येताच त्याचेच नाव भ्रष्टांच्या यादीत अग्रभागी झळकते. ही हकीकत विक्रम कॅनडात दडून राहून सांगतो.