मध, मोहफूल आणि गुडमार: भोपाळच्या रानातील गोडव्याची कुळकथा

भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर भीमबेटका येथे जे शैलाश्रय, म्हणजे आदिमानवाने निवाऱ्यासाठी वापरलेल्या कातळकपारी आहेत, त्यांत शिकार व नृत्य यांच्या चित्रांबरोबर मध काढण्याची दृश्येही रंगवलेली असून, विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेली ही चित्रे या प्रदेशातील माणसाच्या गोडाच्या शोधाची मोलाची साक्ष ठरतात. सॅकरिन हा पहिला कृत्रिम गोडकारक अमेरिकेतील बाल्टिमोर येथील प्रयोगशाळेत १८७९ साली सापडला. त्याला पर्याय म्हणून आज ज्या नैसर्गिक पदार्थांची शिफारस होते, त्यांपैकी काहींची परंपरा मात्र त्याच्याहून कितीतरी जुनी आहे.

मधाखालोखाल या रानाचा गोडवा मोहफुलात आहे. चरकसंहितेत फुलांपासून होणाऱ्या आसवांमध्ये, म्हणजे आंबवून केलेल्या पेयांमध्ये, मधूक या नावाने त्याची गणना झाली आहे. परंतु केवळ मद्याशी त्याचे नाव जोडणे हा मोहावर आणि तो वेचणाऱ्यांवर अन्याय आहे. वसंतात पहाटे गळणाऱ्या मांसल, पिवळसर पाकळ्या झाडाखालची जमीन झाडून वेचायच्या, उन्हात वाळवायच्या आणि पुढे पावसाळ्यातील टंचाईत उकडून, भाजून किंवा पिठात मिसळून खायच्या, ही गोंड, भिल्ल, कोरकू आदी समाजांची अन्नव्यवस्था होती. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करांचा असल्यामुळे भाकरीला किंवा लाडूला वेगळी साखर लागत नसे. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांच्या साठ्यावर व विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला, तेव्हा दारूबरोबर गरिबाचे हे अन्नही अबकारी खात्याच्या नजरेखाली आले. आज भोपाळ येथे मुख्यालय असलेला मध्य प्रदेशचा लघु वनोपज संघ, म्हणजे लाकडाखेरीजच्या वन्य उत्पन्नाचा व्यापार पाहणारी सहकारी संस्था, संग्राहकांकडून आधारभूत किमतीने मोहफूल खरेदी करतो.

याच मध्य भारतीय रानांत गुडमार ही वेलही वाढते. तिच्या पानांतील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना काही काळ अडवतात, त्यामुळे पान चघळल्यावर साखर मातीसारखी बेचव लागते. वैद्यकात ती मधुमेहावर वापरली जाते. तथापि रक्तातील साखर कमी करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास ती साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना तिचे सेवन करू नये.

आरोग्याच्या दृष्टीने या पदार्थांना एकाच मापाने मोजता येत नाही. मधातील शर्करेचा समावेश जागतिक आरोग्य संघटना ‘मुक्त शर्करां’मध्ये, म्हणजे अन्नात घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक व फळांचा रस यांतील शर्करांमध्ये करते, आणि अशा शर्करांतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी, अशी तिची २०१५ ची शिफारस आहे. याच संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेतर गोडकारक वापरू नयेत असे सुचवले, आणि त्या यादीत सॅकरिनबरोबर वनस्पतिजन्य स्टीव्हियाही आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना मात्र ही शिफारस लागू नाही. पदार्थ निसर्गातून आला की तो निर्धोक, हे समीकरण यामुळे टिकत नाही. मोहफुलालाही साखरेचा निरुपद्रवी पर्याय म्हणून विकणे अयोग्य आहे. त्याचा मान अन्न म्हणून आहे, आणि मधुमेही व्यक्तीने त्यातील गोडवा साखरेच्याच हिशेबात धरावा.