उकळत्या पाण्याची काटकसर : लिबियाच्या वाळवंटातील मोटारी आणि इंजिनाच्या शीतनाचा प्रश्न

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ च्या सुमारास, ईजिप्तच्या पश्चिम सरहद्दीवर सनुसी पंथाच्या लढवय्यांवर नजर ठेवण्यासाठी ब्रिटिश सैन्याने हलक्या मोटारींची गस्तीपथके उभारली. या पथकांकडे फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' गाड्या होत्या. उंटांच्या तांड्याला जे अंतर तोडण्यास कित्येक दिवस लागत, ते मोटार काही तासांत तोडू लागली, हे खरे. परंतु उंटाला अनेक दिवस पाण्यावाचून चालविता येते, मोटारीला तसे चालविता येत नाही. वाळवंटातील मोटारप्रवासाच्या इतिहासात दिशाशोधनाविषयी आणि वाळूत रुतणाऱ्या चाकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रेडिएटरमधील पाण्याचा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. वस्तुतः माणसांच्या पिण्याचे आणि यंत्राचे पाणी एकाच साठ्यातून काढावयाचे असल्यामुळे, किती दूर जाता येईल हे पुष्कळदा या प्रश्नानेच ठरत असे.

प्रश्नाचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले पाहिजे. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेचा लहानसा अंशच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी काही धुराबरोबर निघून जाते आणि बराच मोठा वाटा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. रेडिएटरची उष्णता टाकण्याची शक्ती पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९५ अंश सेल्सिअस आणि हवा १५ अंश असेल तर हे अंतर ८० अंशांचे होते. हवा ४५ अंशांवर गेली की ते ५० उरते. म्हणजे युरोपातील रस्त्यांसाठी बनविलेला रेडिएटर वाळवंटात आपली तीन-अष्टमांश शक्ती केवळ हवेमुळे गमावून बसतो. (लिबियातील अल् अझीझिया येथे १९२२ मध्ये नोंदलेले ५८ अंशांचे तापमान जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये अग्राह्य ठरविले, परंतु इंजिनाला जेरीस आणण्यास ४५ अंशही पुरेसे होतात.) त्यातच मऊ वाळूत गाडी खालच्या गिअरमध्ये चालवावी लागते. इंजिन जोराने फिरते, गाडी मात्र सावकाश सरकते, आणि रेडिएटरमधून जाणारा वारा नेमका हवा तेव्हाच मंदावतो. 'मॉडेल टी'मध्ये तर पाणी फिरविणारा पंपही नव्हता. तापलेले पाणी वर चढावे आणि निवलेले खाली उतरावे, एवढ्याच नैसर्गिक क्रियेवर तिचे शीतन अवलंबून होते.

सर्वांत वाईट स्थिती पाठीमागून वारा आला म्हणजे येत असे. वाऱ्याचा आणि गाडीचा वेग सारखा झाला, की पंख्याने ओढलेल्या हवेखेरीज रेडिएटरला हवा अशी मिळतच नसे. लिबियात दक्षिणेकडून येणाऱ्या तप्त वाऱ्याला 'गिबली' म्हणतात. हा शब्द अरबी 'किब्ली'चे स्थानिक रूप असून 'किब्ल्याच्या दिशेचा' हा त्याचा मूळ अर्थ होय. लिबियाच्या बोलीत त्याचा 'दाक्षिणात्य' असा अर्थ रूढ झाला. ईजिप्तमधील 'खामसीन' हे अशाच वाऱ्याचे नाव 'पन्नास' या अर्थाच्या संख्यावाचकावरून आले आहे. माझेराती या इटालियन कंपनीने १९६६ मध्ये आपल्या एका वेगवान स्पोर्ट्स मोटारीला 'गिबली' आणि पुढील दशकात दुसरीला 'खामसीन' ही नावे दिली. इंजिनाच्या वैऱ्याचे नाव इंजिनालाच मिळावे, ही गंमत नामकरण करणाऱ्यांच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही.

पाणी उकळणे म्हणजे शीतनव्यवस्थेचा पराभव, अशी सामान्य समजूत आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती अर्धीच खरी आहे. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापविण्यास ८० किलोकॅलरी लागतात. त्याच पाण्याची पूर्ण वाफ होण्यास आणखी सुमारे ५४० लागतात. तेव्हा उकळणारे पाणी इंजिनाची उष्णता अत्यंत कार्यक्षमतेने काढून घेत असते. अनर्थ होतो तो वाफ निघून जाते म्हणून. रेडिएटरला न पेलणारी उष्णता दहा किलोवॉट धरली, तर ताशी सुमारे सोळा लिटर पाणी वाफेच्या रूपाने नष्ट होईल. विहिरी शेकडो मैलांवर असताना हा हिशेब कोणाच्याही छातीत धडकी भरविणारा आहे.

१९२६ मध्ये ईजिप्तमध्ये नेमणूक झालेले ब्रिटिश सैन्यातील अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड आणि त्यांचे सोबती रजेच्या काळात फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडू लागले. १९३० मध्ये त्यांनी महावालुकासागर ओलांडला आणि १९३२ मध्ये ते सुदानपर्यंत जाऊन आले. या प्रवासांचा वृत्तांत बॅगनॉल्ड यांच्या 'लिबियन सँड्स' या १९३५ च्या ग्रंथात आहे. त्यांच्या गाड्यांवर जी युक्ती योजिली होती ती दिसावयास अगदी साधी होती. रेडिएटरची वाहून जाण्याची नळी बंद करावयाची, झाकणातून एक रबरी नळी काढावयाची आणि गाडीच्या बाजूला बसविलेल्या, थोडे पाणी भरलेल्या डब्यात ती बुडवावयाची. रेडिएटरमधील पाणी उकळले की वाफ डब्यात येई आणि तेथील गार पाण्यात निवून पुन्हा पाणी होई.

येथवरचे वर्णन अनेक ठिकाणी आढळते. परंतु एवढ्याने युक्तीचे मर्म कळत नाही. डब्यात पाच लिटर पाणी ४० अंशांवर आहे असे समजू. ते उकळीपर्यंत नेण्यास ३०० किलोकॅलरी पुरतात, आणि एवढी उष्णता अर्ध्या लिटरहून थोड्या अधिक पाण्याची वाफ आणून देते. म्हणजे डबा वाफेला फार वेळ थोपवू शकत नव्हता; लवकरच तोही उकळे आणि कढत पाण्याचे शिंतोडे चालकाच्या अंगावर उडत. चालकाने थांबावे, याची ती सूचना असे. मग गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावयाची आणि थोडा वेळ स्वस्थ बसावयाचे. रेडिएटर निवू लागला की आतील वाफेचे पाणी होऊन पोकळी निर्माण होई, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने डब्यातील पाणी गुळगुळ आवाज करीत नळीतून परत रेडिएटरमध्ये चढे. मिनिटा-दोन मिनिटांत रेडिएटर पुन्हा काठोकाठ भरे. कोठे गळती नसेल तर नवे पाणी घालण्याची गरज उरत नसे.

तेव्हा हे थांबणे हा यंत्रणेचा दोष नव्हता, तिचा एक अवयव होता. डबा, नळी आणि थांबावयास तयार असलेला चालक, या तिहींनी मिळून ती पूर्ण होत असे. पाण्याची हानी वेळेच्या हानीत पालटून घेणे, हे तिचे खरे कार्य. वाळवंटात वेळ खर्चण्यासारखा होता, पाणी नव्हते.

हा व्यवहार दुसऱ्या महायुद्धात शेकडो माणसांच्या जीविताशी निगडित झाला. १९४० च्या उन्हाळ्यात जनरल वेव्हेल यांच्या संमतीने बॅगनॉल्ड यांनी दीर्घ पल्ल्याचे वाळवंटी पथक उभारले. त्याचे पहिले सैनिक न्यूझीलंडचे होते. पुढे भारतीय सैनिकांचे एक दलही त्याच्या जोडीला आले. पथकाच्या शेव्हरोले ट्रकांवर हाच डबा बसविलेला असे. १९४२ मध्ये विशेष हवाई दलाने आणलेल्या जीप गाड्यांच्या छायाचित्रांत रेडिएटरपुढील लोखंडी पट्ट्या कापून काढलेल्या आणि समोर एक नळकांडे उभे केलेले दिसते. पट्ट्या काढल्या त्या हवा मोकळी यावी म्हणून. नळकांडे म्हणजे तोच डबा. शत्रूच्या मुलुखात पाण्यासाठी विहिरीवर जाणे म्हणजे आपला माग देणे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नळकांड्याचे मोल कळते.

वाफेने शीतन करण्याचे तत्त्व विमानविद्येतही त्याच सुमारास आजमाविले गेले होते. रोल्स-रॉइसचे 'गोशॉक' इंजिन त्या तत्त्वावर चाले, आणि १९३४ मध्ये उडालेल्या सुपरमरीनच्या 'टाइप २२४' विमानात वाफ निवविण्याची सोय पंखांच्या पुढील कडेत केली होती. प्रयोग फसला. उंचीवर हवेचा दाब उतरला की निवलेले कढत पाणी पंपातच पुन्हा वाफ होई. विमानाला वाऱ्याकडे तोंड करून मिनिटभर उभे राहता येत नाही. वाळवंटातील यंत्रणेचा तिसरा अवयव तेथे नव्हताच.

शर्यतीच्या मोटारींत तर हिशेब पार उलटा होतो. युटातील बॉनव्हिल हे मिठाचे पठारही वाळवंटच. परंतु तेथे वेळ दुर्मीळ आणि पाणी स्वस्त. रीड रेल्टन यांनी जॉन कॉब यांच्यासाठी रचलेल्या मोटारीत हवेचा अडथळा वाढविणारा रेडिएटर ठेवलाच नव्हता. बर्फाने थंड केलेल्या पाण्याची टाकी होती. एक किलो बर्फ वितळून उकळीस येईपर्यंत सुमारे १८० किलोकॅलरी शोषतो, म्हणजे उकळून जाणाऱ्या पाण्याच्या मानाने पुष्कळच कमी. पण काही मिनिटांच्या धावेला तेवढे पुरे होते. १९४७ मध्ये या मोटारीने ताशी ३९४ मैलांचा उच्चांक केला. १९८४ च्या पॅरिस–डाकार शर्यतीत विजयी ठरलेल्या पोर्श ९११ ने तिसरा मार्ग दाखविला. तिच्या इंजिनाला पाणी लागतच नव्हते. हवा आणि तेल यांवर ते भागवी. तथापि ही शर्यत जानेवारीत झाली होती, हे विसरून तिच्यावरून उन्हाळ्यातील वाळवंटाविषयी अनुमान काढू नये.

आज सर्वसामान्य मोटारीच्या रेडिएटरवर दाब धरून ठेवणारे झाकण असते, त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू शंभर अंशांच्या बराच वर जातो. अनेक गाड्यांत शेजारच्या लहान टाकीत उतू गेलेले द्रव इंजिन निवल्यावर आपोआप परत ओढले जाते. बॅगनॉल्ड यांच्या डब्याशी तिचे साम्य उघड आहे. परंतु दोन भाषांतील शब्द सारखे दिसले म्हणून ते एका मुळाचे ठरत नाहीत; हवेचा दाब आणि पोकळी यांचा नियम सर्वांनाच उपलब्ध असल्यामुळे असे उपाय स्वतंत्रपणेही सुचतात. शिवाय दोहोंच्या कार्यात एक भेद आहे. आजची टाकी उकळी येऊच नये अशा व्यवस्थेचा भाग आहे. वाळवंटातील डबा उकळी येणारच हे गृहीत धरून बसविलेला होता.