झोजिलाची वाट

श्रीनगर-लेह रस्त्यावर सोनमर्गच्या पुढे बालतालपाशी डोंगर एकदम उभा राहतो. वर ३,५२८ मीटरवर झोजिला खिंड आहे. तिची काश्मीरकडची बाजू खडी, तर लडाखमधील द्रासकडची बरीच सपाट. पश्चिमी झंझावातांचा बर्फ खड्या बाजूवर साचतो, म्हणून हिमस्खलनाचा धोकाही तिकडेच जास्त. बर्फ किती पडला याइतकेच त्यावर ऊन केव्हा चढते यालाही महत्त्व आहे, हे इथल्या वाटसरूंना पूर्वापार ठाऊक होते.

मार्च-एप्रिलच्या उन्हात वितळलेले पाणी बर्फाच्या थरांत झिरपते. कणाकणांची पकड सुटत जाते. पाणी तळाशी पोचले की जड, ओला थर दगडमातीसकट घसरतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर वरचा पापुद्रा गोठून टणक होतो आणि माणसाचे वजन पेलतो. ढगाळ रात्री तो नीट धरत नाही. मग पहाटेचाही भरवसा नसतो.

म्हणून वसंतात हमाल आणि डाक वाहणारे रात्रीच निघत व कड्यावर ऊन येण्यापूर्वी खिंड पार करत. वाटाही दोन होत्या. हिवाळ्यात कोसळलेल्या बर्फाने बुजलेल्या घळीतून चढायचे. उन्हाळा जवळ आला की ओढा तो बर्फ खालून पोखरू लागे, मग कड्याच्या अंगची वाट धरायची. घळ नेमकी कधी सोडायची, हे ओळखण्यातच खिंडीपलीकडच्या द्रास-मटायन गावांच्या हमालांचे खरे कसब होते.

काशगरचा सेनानी मिर्झा हैदर दुघलात याची फौज १५३२-३३ च्या हिवाळ्यात याच खिंडीतून काश्मीरमध्ये उतरली. भारत-पाकिस्तान युद्धात, फेब्रुवारी १९४८ मध्ये, मूळ लाहौलचे लष्करी अधिकारी पृथ्वीचंद मोजक्या स्वयंसेवकांसह भर बर्फात ती ओलांडून निघाले आणि ८ मार्चला लेहला पोचले. लेह वाचवण्यात या कूचाचा वाटा फार मोठा होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भारतीय स्टुअर्ट रणगाड्यांनी खिंड जिंकली, त्या पराक्रमाइतकीच आठवण या कूचाचीही राहायला हवी.

पुढे मोटाररस्ता झाला, तरी तो हिवाळ्यात कित्येक महिने बंद असे. १९६९ मध्ये मनालीला हिम व हिमस्खलनांच्या अभ्यासाची संस्था निघाली. सीमा सडक संघटनेची यंत्रे आता सोनमर्ग आणि द्रास अशा दोन्ही बाजूंनी बर्फ कापत येतात. २०२५ मध्ये रस्ता अवघ्या ३२ दिवसांच्या बंदनंतर १ एप्रिलला खुला झाला. लडाखच्या भाजीपाल्याला, औषधांना आणि आजाऱ्यांना याचा मोठाच आधार आहे. पण जुने लोक ज्या आठवड्यांत दिवसा पाऊल टाकत नसत, त्याच आठवड्यांत आता बर्फाच्या उंच भिंतींमधून ट्रक जातात. एकेरी वाहतूक आणि वेळेचे बंधन चालकांना जाचक वाटते खरे, पण ते सैल करण्याजोगे नाही.

खिंडीखालून सुमारे १३ किलोमीटरच्या बोगद्याचे काम २०२० पासून चालू आहे. तो पुरा झाला की खिंड टळेल. सोनमर्ग-बालताल टप्प्यावरचे उतार मात्र टळणार नाहीत. तिथे घसरता बर्फ अडवणारे बांध आणि रस्त्यावर छत धरणाऱ्या काँक्रीटच्या गॅलऱ्या योजलेल्या आहेत.